तांबं कुणी धरून ठेवलं?

चंडीगडच्या सेक्टर १२ मध्ये १९६२ साली पीजीआय, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, सुरू झाली. पंजाब, हरियाणा आणि हिमाचलच्या गावांतून तिथल्या बालरोग विभागात मुलं येऊ लागली. त्यांतल्या काहींचं निदान पोटावर हात ठेवताच होई, आणि निदान झाल्यावर करण्यासारखं फारसं काही उरत नसे. मूल सहा महिने ते तीन-चार वर्षांचं असे. आईची तक्रार साधीच: सारखं किरकिरतं, खाण्यावर वासना नाही, अंग कोमट लागतं, पोट मोठं दिसायला लागलंय. डॉक्टरांची बोटं उजव्या बरगडीखाली गेली की यकृताची कड लागे, टणक आणि धारदार. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी साठे. कावीळ दिसू लागल्यावर बहुतेक मुलं वर्षही काढत नसत.

पुण्यात, नगरकडे, कर्नाटकात, आंध्रात, बंगालमध्ये सगळीकडे हीच कहाणी होती. आपल्याकडे ‘बाळाला लिव्हर झालंय’ असं दबक्या आवाजात सांगितलं जाई आणि ऐकणाऱ्याला पुढचं कळे. १८८७ साली कोलकात्यात या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद झाली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तो फक्त आपलाच मानला गेला, इतका की पाठ्यपुस्तकांनी त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ ठेवलं. एका घरात एक मूल गेलं की पुढच्या भावंडाकडे सगळे धास्तीनं बघत, कारण ते भावंडही पुष्कळदा त्याच वाटेनं जाई. त्यामुळे दोष रक्तातला, वंशातला, असं घरचेही म्हणत आणि डॉक्टरही. कुणी विषाणूवर बोट ठेवलं, कुणी शेंगदाण्यावरच्या बुरशीच्या विषावर, कुणी कुपोषणावर. १९६१ मध्ये स्मेटाना, हॅडली आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी पन्नास रुग्णांच्या यकृतांचा बारकाईनं अभ्यास करून आधीचं सगळं लिखाण चाळलं. पेशींची नासधूस नेमकी कशी दिसते याचं चित्र त्यातून स्पष्ट झालं. कारण मात्र हाती लागलं नाही.

ते हाती लागलं एका रंगामुळे. ऑर्सीन नावाचं तपकिरी रंगद्रव्य यकृताच्या पातळ कापावर टाकलं की गंधकानं भरलेली प्रथिनं गडद होऊन उठून दिसतात. कावीळ-बीच्या विषाणूच्या खुणा शोधण्यासाठी ते तेव्हा वापरात होतं. १९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले बर्नार्ड पोर्टमन, स्टुअर्ट टॅनर आणि सहकाऱ्यांनी या आजारातल्या यकृतांचे काप त्या रंगात बुडवले, तर पेशींमध्ये गडद तपकिरी कणांची दाटी दिसली. हे कण ओळखीचे होते. तांब्याला धरून बसलेल्या प्रथिनाचे ते कण होते. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात पाठोपाठ दोन लेख आले. एक टॅनर आणि पुण्याचे डॉ. आनंद पंडित यांच्या गटाचा, दुसरा न्यूयॉर्कचे हान्स पॉपर आणि दिल्लीचे एन. सी. नायक यांच्या गटाचा. दोघांचा निष्कर्ष एकच: या मुलांच्या यकृतात तांबं भयानक साठलेलं आहे. निरोगी यकृतात वाळवलेल्या ऊतीच्या एका ग्रॅममागे सुमारे ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. इथे तो आकडा कित्येकदा हजाराच्या घरात जात होता.

टॅनर-पंडित यांच्या त्या लेखावर कॉलिन मिल्स आणि इयन ब्रेमनर अशीही दोन नावं आहेत, आणि मला ती फार महत्त्वाची वाटतात. हे दोघे माणसांचे डॉक्टर नव्हते. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळच्या रोवेट संस्थेत ते जनावरांच्या पोषणावर काम करत. मेंढ्यांना तांब्याची विषबाधा फार लवकर होते आणि त्यात त्यांचं यकृत निकामी होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यकृतात तांबं किती, हा प्रश्न कुणीही विचारला असता. ब्रेमनर यांचा आयुष्यभराचा विषय त्याच्या पुढचा होता: ते तांबं कुणी धरून ठेवलंय?

शरीरातल्या धातूंबद्दलचा खरा प्रश्न हाच आहे. मोठ्या माणसाच्या अख्ख्या देहात तांबं असतं जेमतेम १०० मिलिग्रॅम, आणि त्यातलं मोकळं असं जवळजवळ काहीच नसतं. १९९९ मध्ये अमेरिकेत थॉमस ओ’हॅलोरन यांच्या गटानं यीस्टच्या पेशींवर हिशेब करून दाखवलं की एका पेशीत मोकळा असा तांब्याचा एक आयनसुद्धा सरासरीनं सापडणार नाही. मोकळं तांबं घातक असतं. ते ऑक्सिजनशी खेळून असे उपद्रवी रेणू तयार करतं की पेशीची आवरणं, प्रथिनं, जनुकं, काहीच सुरक्षित राहत नाही. म्हणून आतड्यापासून यकृतापर्यंत आणि यकृतापासून पित्तापर्यंत त्याला एका रेणूच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवलं जातं. धरणारे रेणू म्हणजे प्रथिनं किंवा त्यांचे छोटे तुकडे, म्हणजेच पेप्टाइड. धरण्याच्या जागाही ठरलेल्या: हिस्टिडीन या अमिनो आम्लातला नायट्रोजन, सिस्टीनमधला गंधक, साखळीच्या टोकाचा नायट्रोजन. दोन-तीन बाजूंनी एकदम पकड बसते, सांडशीनं तापलेलं पातेलं धरावं तशी.

नवजात बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच जास्त असतो. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांची ती शिदोरी, कारण आईच्या दुधात तांबं थोडं असतं. हा साठा मेटॅलोथायोनीन नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात राहतो आणि पहिल्या सहा महिन्यांत हळूहळू उतरतो. पित्तावाटे तांबं बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता त्या वयात पुरती आलेली नसते. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरून जास्तीचं तांबं येऊ लागलं तर ते जाणार कुठे?

पण येत होतं कुठून? हे उत्तर कुठल्याही यंत्रानं दिलं नाही, ते पुण्याच्या आसपासच्या स्वयंपाकघरांनी दिलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी आजारी मुलांच्या आयांना बाळाच्या खाण्यापिण्याचा इतिहास तपशिलानं विचारायला सुरुवात केली. वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? कशात तापवता? तापवून झाल्यावर ते कशात राहतं? उत्तरांत पितळी पातेलं पुन्हा पुन्हा येत होतं. १९८३ मध्ये टॅनर, भावे, पंडित आणि सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’मधला लेख आला. तांब्याचा अंश उतरलेलं वरचं दूध फार लवकर सुरू करणं हे या आजाराचं संभाव्य कारण असल्याचं त्यात मांडलं होतं. ‘संभाव्य’ हा शब्द शीर्षकातच होता. १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला घेतलेली निरोगी मुलं यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली, आणि संशय आणखी बळावला.

हे घडत कसं होतं हे समजायला कल्हई समजून घ्यावी लागते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात तांबंच अधिक. अशा भांड्यात अन्न थेट ठेवायचं नसतं हे घरोघरी माहीत होतं, म्हणून आतून कथलाचा थर देत. कल्हईवाला दारात किंवा गल्लीच्या तोंडाशी बसे. जमिनीत खळगा करून कोळसे पेटवी, भाता मारी, पातेलं लाल कोळशांवर फिरवून तापवी, मग कापसाच्या बोळ्यानं नवसागर आत फिरवी. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठे आणि पितळ लख्ख होई. लगेच कथलाची कांडी टेकवायची, वितळलेलं कथील फडक्यानं भराभर सगळीकडे ओढायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. थर चांदीसारखा चमके, पण पातळ असे. राख, माती आणि नारळाची शेंडी यांनी रोज घासलं की काही महिन्यांत तळाशी पिवळं दिसू लागे. कल्हईवाला वेळेवर आला नाही, किंवा पैसे नसले, की भांडं तसंच वापरात राही. ताक, चिंचेचं सार, आमटी कल्हई उडालेल्या भांड्यात कळकतात, त्यांना हिरवट झाक आणि कडवट चव येते. त्यामुळे आंबट पदार्थ कुणी त्यात ठेवत नसे. दूध आंबट नाही, त्याला तशी चव येत नाही. सकाळी तापवलेलं दूध त्याच पातेल्यात तासन्‌तास राही, दिवसातून दोन-तीनदा पुन्हा तापे आणि बाळाला जाई. सगळ्यांत काळजीनं तापवलेलं दूधच बाळाच्या यकृतावर उठत होतं. त्या आयांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, उलट ज्या जपत होत्या, वेळेवर दूध तापवत होत्या, त्यांच्याच घरात हे घडलं. हे वाचताना माझा जीव आजही गलबलतो.

दूध तांबं ओढून घेतं हे १९८९ मध्ये ओ’नील आणि टॅनर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. त्यामागचं रसायन दुधाच्या स्वभावातच आहे. केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या साखळीवर काही ठिकाणी फॉस्फेट लावलेली सेरीन अमिनो आम्लं ओळीनं येतात आणि त्यांच्या शेजारी ग्लुटामिक आम्लाची जोडी असते. ऋण भारांची ही दाटी धातूंच्या धन आयनांना धरून ठेवते. वासराच्या हाडांसाठी कॅल्शियम वाहून न्यायला निसर्गानं केलेली ती सोय आहे. ती कॅल्शियमला धरते तशीच जस्ताला, लोहाला आणि तांब्यालाही धरते. पोटात केसीनचे तुकडे झाले तरी ही फॉस्फेटवाली पेप्टाइड पचनाला सहजासहजी दाद देत नाहीत आणि धातूला आतड्यात विरघळलेल्या अवस्थेत ठेवतात. पातेल्याच्या भिंतीवरून बाळाच्या यकृतापर्यंतच्या प्रवासात तांबं असं एका पेप्टाइडच्या हाती होतं.

पंजाबात पितळेची परंपरा महाराष्ट्राइतकीच घट्ट आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तशी अमृतसरजवळ जंडियाला गुरू इथे ठठेऱ्यांची वस्ती आहे. तांबं-पितळ ठोकून भांडी घडवण्याच्या त्यांच्या कलेची नोंद २०१४ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. पीजीआयमध्ये बालरोग विभागाचे प्रमुख होते डॉ. बी. एन. एस. वालिया, जे पुढे त्या संस्थेचे संचालक झाले. १९९२ मध्ये या आजाराच्या प्रतिबंधावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यावर भावे, पंडित आणि टॅनर यांच्या बरोबरीनं वालियांचंही नाव आहे. पुणे आणि चंडीगड यांच्यात दीड हजार किलोमीटरचं अंतर आहे, बोली वेगळ्या, जेवण वेगळं. सल्ला मात्र एकच होता: बाळाला आईचं दूध द्या, आणि वरचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नका, ठेवू नका. ज्या घरात एक मूल गेलेलं आहे, तिथल्या पुढच्या बाळासाठी तर हे आधी सांगा.

चंडीगडचं आणखी एक काम मला या कथेच्या केंद्रस्थानी ठेवावंसं वाटतं. पीजीआयच्या जीवरसायनशास्त्र विभागात आर. नाथ आणि त्यांचे सहकारी धातू आणि प्रथिनं यांच्या नात्यावर बरीच वर्षं काम करत होते. कॅडमियमची विषबाधा हा त्यांचा एक मोठा विषय होता, आणि कॅडमियमच्या अभ्यासात मेटॅलोथायोनीन टाळून पुढे जाताच येत नाही. १९९६ मध्ये आर. प्रसाद, जी. कौर, आर. नाथ आणि वालिया यांनी या बालआजाराची रेणूंच्या पातळीवरची मांडणी प्रसिद्ध केली. यकृताची पेशी फोडून तिचे भाग वेगळे केले तर तांबं नेमकं कुठे जमलेलं दिसतं? पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जनुकं जिथे असतात तिथे, तांब्याचा साठा होतो आणि तोच आजाराच्या मुळाशी असावा, असं त्यांनी मांडलं. तांबं किती, यावरून तांबं कुठे आणि कुणाकडे, इथपर्यंत विज्ञान चंडीगडात असं पोहोचलं होतं.

त्या काळची रीत कष्टाची होती. ऊती वाटायची, वेगानं फिरवून थर वेगळे करायचे, द्राव जेलच्या उंच नळीतून थेंबथेंब सोडायचा, प्रत्येक परीक्षानळीतला अंश ज्योतीत उडवून त्यात तांबं किती ते मोजायचं. ज्या नळीत प्रथिन आणि तांबं दोन्ही एकदम वर चढतात, तिथे ती एकत्र असावीत असं अनुमान करायचं. पण एका प्रथिनावर तांब्याचे आयन चार की सहा, की काहींवर चार आणि काहींवर दहा, हे त्या रीतीनं कळत नसे. मिळे ती सगळ्यांची सरासरी.

उपचार मात्र रेणू पूर्ण समजण्याआधीच हाती होता. ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये विल्सनच्या आजारावर, म्हणजे तांबं साठण्याच्या एका आनुवंशिक आजारावर, पेनिसिलामिन तोंडानं देऊन पाहिलं. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत हा पदार्थ त्यांना आधी सापडला होता. तो एक अमिनो आम्लच आहे, सिस्टीनचा चुलतभाऊ म्हणावा असा. त्याच्याकडे गंधक आहे, नायट्रोजन आहे, आणि तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेण्याइतकी पकड आहे. पुण्यात या औषधाच्या चाचण्या झाल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कावीळ सुरू होण्याआधी औषध मिळालं तर मूल वाचू शकतं, हे पहिल्यांदाच दिसलं. १९९६ मध्ये केईएमच्या आशिष बावडेकरांसह त्याच गटानं वाचलेल्या मुलांचा दीर्घकाळचा वृत्तान्त दिला. एकेकाळी ज्या निदानानंतर डॉक्टर मान खाली घालत, त्या मुलांच्या पुढच्या वर्षांबद्दल आता लिहिलं जात होतं.

तोपर्यंत आजारच ओसरत चालला होता. १९९० च्या दशकात पुण्याच्या वॉर्डात अशी मुलं दिसेनाशी झाली, आणि देशभरही. श्रेय कुणाचं? केईएम आणि पीजीआयच्या सल्ल्याचं आहेच, पण सगळं तेवढ्यावर नाही. जुनी पितळी भांडी मोडीत देऊन स्टील घेण्याची लाट घरोघरी आली होती. वजनाला हलकं, घासायला सोपं, कल्हईचा खर्च नाही. लाखो बायकांनी आपल्या सोयीसाठी घेतलेल्या या निर्णयानं किती बाळं वाचवली याची मोजदाद कुणी केलेली नाही. शंकाही घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त होत्या. पितळी पातेल्यातलं दूध प्यायलेली असंख्य मुलं ठणठणीत होती, मग हीच का आजारी पडली? उत्तराचा एक दुवा ऑस्ट्रियात सापडला. तिरोल या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अगदी अशाच आजारानं गेली होती. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात गाईचं दूध तापवलं जाई. भांडी बदलल्यावर आजार संपला. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वंशावळी जुळवून दाखवलं की आनुवंशिक दोष आणि तांबं, दोन्ही एकत्र आले तरच आजार होत होता. ‘इंडियन’ हे विशेषण तेव्हाच निकालात निघायला हवं होतं.

आणि नेमक्या याच काळात असं यंत्र तयार झालं की तांबं कुणी धरलंय हे थेट तोलून सांगता यावं.

मास स्पेक्ट्रोमीटर मुळात जुना. भारित कणांना निर्वात पोकळीत पळवून त्यांचं वस्तुमान मोजणारं हे यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. पण प्रथिनांसारखे मोठे, नाजूक रेणू वायुरूपात आणताना त्यांचे तुकडे होत, आणि त्यांनी धरलेला धातू तर आधीच निसटे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन फेन यांनी इलेक्ट्रोस्प्रेची रीत प्रथिनांसाठी सिद्ध केली. द्रावण बारीक सुईतून सोडायचं आणि सुईला काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. टोकाशी भारित थेंबांचा फवारा उडतो, थेंब सुकत सुकत फुटतात, आणि शेवटी रेणू न मोडता, भार घेऊन मोकळा होतो. जपानच्या कोइची तानाका यांनी लेझरची वेगळी वाट काढली. दोघांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. या सौम्य रीतीमुळे पेप्टाइड आणि त्यानं धरलेला धातू एकत्रच यंत्रात शिरू लागले.

एक उदाहरण जवळून पाहू. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन अशा तीनच अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड माणसाच्या रक्तद्रवात असतं. लॉरेन पिकार्ट यांनी ते १९७३ मध्ये वेगळं केलं. तांब्याशी त्याची चांगली गट्टी जमते. नुसतं पेप्टाइड यंत्रात सोडलं तर ३४१.२ या आकड्यावर एक शिखर उभं राहतं. द्रावणात चिमूटभर तांब्याचा क्षार मिसळला की ते शिखर खाली बसू लागतं आणि ४०२.१ वर नवं उगवतं. त्याच्या शेजारी, बरोबर दोन एककं पलीकडे, ४०४.१ वर त्याच्या निम्म्याहून कमी उंचीचं दुसरं. निसर्गातलं तांबं दोन समस्थानिकांचं असतं, सुमारे ६९ टक्के ६३ वस्तुमानाचं आणि ३१ टक्के ६५ चं. ही जोडी दिसली की तांबं आहे याची सहीच मिळते. आणखी एक गोष्ट बघा. वजन ६३ नं नाही, ६१ नं वाढलं. कारण दोन धन भारांचा तांब्याचा आयन दोन प्रोटॉनांना हुसकावून त्यांच्या जागी बसला. तांब्यावर एकच भार असता तर वाढ ६२ ची दिसली असती. म्हणजे एका वजनावरून धातू कोणता, किती आणि कुठल्या अवस्थेत, तिन्ही कळतं. मग त्या आयनाला वायूच्या रेणूंवर आदळून फोडायचं आणि तांबं कुठल्या तुकड्यासोबत राहतं ते पाहायचं, म्हणजे पकड कुठे आहे याचाही माग लागतो.

या कामात मीठ हा मोठा शत्रू. सोडियम कुठूनही येतं, काचेतून, पाण्यातून, हातातून, आणि प्रत्येक शिखराशेजारी २२ एककांवर एक खोटं शिखर उभं करतं. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ती फॉस्फेटची द्रावणं इथे चालत नाहीत, अमोनियम ॲसिटेट घ्यावं लागतं, कारण ते फवाऱ्यात उडून जातं. शिवाय पोकळीत जे एकत्र दिसतं ते पेशीच्या पाण्यातही तसंच असेल असं नाही. थेंब सुकताना धातू नुसता चिकटूही शकतो. म्हणून जाणते लोक असं मापन दुसऱ्या रीतीनं पडताळून घेतात.

मेटॅलोथायोनीनचं कोडं याच यंत्रानं सोडवायला घेतलं. हे प्रथिन मार्गोशेस आणि व्हॅली यांना १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं होतं. साठेक अमिनो आम्लं, त्यांतली वीस सिस्टीन, म्हणजे गंधकाचं कोठारच. १९९३ मध्ये कॅथरीन फेन्सलाउ यांच्या गटानं इलेक्ट्रोस्प्रेनं त्यावरचे धातू मोजले. रीत सुंदर आहे. आम्लात प्रथिन धातू सोडून देतं, तेव्हा त्याचं रिकामं वजन घ्यायचं. उदासीन द्रावणात ते धातूंसकट असतं, तेव्हा भरलेलं वजन घ्यायचं. जस्ताचा एक आयन वजन सरासरी ६३.४ नं वाढवतो आणि कॅडमियमचा ११०.४ नं. फरक मोजला की सात धातूंचा हिशेब जुळतो. तांब्याचा एकभारी आयन मात्र ६२.५ नं वाढवतो, म्हणजे जस्ताहून एका एककानंही कमी. सहा-सात हजार एककांच्या प्रथिनावर हा फरक वाचायला यंत्र फारच काटेकोर लागतं. जेलच्या नळीतून मिळायची ती सरासरी आता सुटी होऊन दिसू लागली: इतक्या रेणूंवर इतके धातू, तितक्यांवर तितके.

पीजीआयच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे सेक्टर १४ मध्ये, पंजाब विद्यापीठ आहे. तिथल्या केंद्रीय उपकरण सुविधेतला क्यू-टॉफ मायक्रोमास हा मास स्पेक्ट्रोमीटर देशभरच्या रसायनशास्त्रज्ञांना परिचित आहे. नमुने टपालानं येतात, वर्णपट परत जातात. ज्यांच्या विभागात असं यंत्र कधी येणार नव्हतं, अशा कितीतरी लहान महाविद्यालयांतल्या शोधनिबंधांच्या तळाशी चंडीगडचे आभार मानलेले दिसतात. आपल्या विज्ञानाला अशा सामाईक यंत्रांची गरज नव्या इमारतींपेक्षा जास्त आहे असं मला ठामपणे वाटतं.

पितळी पातेल्याचा आजार गेला, विल्सनचा राहिला, आणि पीजीआयमध्ये त्याची मुलं येत राहिली. या आजारात दोष असतो एटीपी७बी या प्रथिनाच्या जनुकात. ते जनुक १९९३ मध्ये सापडलं. हे प्रथिन यकृतातलं तांबं पित्ताकडे ढकलतं. त्याच्या सुरुवातीच्या भागात सहा ठिकाणी दोन-दोन सिस्टीनची पकड आहे, आणि दरेक पकडीत तांब्याचा एक आयन बसतो. पितळी पातेल्याच्या आजाराशी या जनुकाचा संबंध शोधून पाहिला गेला, तो आढळला नाही. २००५ मध्ये पीजीआयच्या एस. कुमार, बी. आर. थापा, जी. कौर आणि आर. प्रसाद यांनी भारतीय विल्सन रुग्णांत या जनुकातले अठरा नवे दोष नोंदवले. दोष इतक्या तऱ्हांचे असतात की जनुक वाचून सरसकट निदान करणं अवघड होतं. उपचार पेनिसिलामिनचा, किंवा जस्ताचा. जस्त आतड्याच्या पेशींना मेटॅलोथायोनीन बनवायला लावतं, ते तांब्याला धरून ठेवतं, आणि पेशी गळाल्या की तांबं शौचावाटे जातं. वेळेत सुरू केलं तर मूल शाळेत जातं, मोठं होतं. उशीर झाला तर यकृत जातं किंवा हात थरथरू लागतात, बोलणं अडखळतं.

म्हणून सगळी धडपड लवकर ओळखण्याची आहे, आणि तिथे मास स्पेक्ट्रोमीटर पुन्हा आला आहे. सिएटलमध्ये सी हून हान यांच्या गटानं २०१७ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवायचा, त्यातली प्रथिनं ट्रिप्सिननं कापायची, एटीपी७बीचं खास ओळखीचं पेप्टाइड प्रतिपिंडांनी वेचायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं. विल्सनच्या रुग्णांत ते पेप्टाइड बहुतेकदा फार कमी असतं किंवा दिसतच नाही. जनुकातला दोष कुठला हे आधी माहीत असण्याची गरज नाही, आणि लक्षणांची वाट पाहण्याचीही नाही.